मोटरवरचं शेंगा फोडणी यंत्र: मेकॅनिकलच्या प्रोजेक्टमध्ये आधी काय, मग काय

फायनल इयरचे मेकॅनिकल प्रोजेक्ट हिशेब चुकल्यामुळे फारसे अडकत नाहीत, क्रम चुकल्यामुळे अडकतात. पहिल्या सेमिनारला स्क्रीनवर चकचकीत मॉडेल तयार असतं. सबमिशन तोंडावर आलं की कळतं, आपण काढलेल्या १८ मिमीच्या शाफ्टला बसणारं बेअरिंग दुकानात नाही. मग शाफ्ट बदलतो, त्यापाठोपाठ हब (पुली-चाकाचा शाफ्टवर बसणारा मधला भाग), मग चौकट, आणि शेवटी मशीन जागच्या जागी वेल्डिंग मारून कसंबसं उभं केलं जातं.

इथे एकच मशीन धरून सगळा क्रम सांगतो: मोटरवर चालणारं, भुईमुगाच्या शेंगा फोडणारं छोटं यंत्र. वर हॉपर, खाली अर्धगोल जाळी, तिच्यावर फिरणारा पट्ट्यांचा ड्रम, बाजूला मोटर. दिसायला साधं आहे, पण शाफ्ट, बेअरिंग, पट्टा, चेन, वेल्डिंगची चौकट असं सगळं त्यात येतं. तुमचं मशीन हळद धुणारं असो की कडबा कापणारं, आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

## टप्पा १: एका पानात आकडे

कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) उघडायच्या आधी वहीत एक पान लिहा आणि गाइडची त्यावर सही घ्या. तासाला किती किलो शेंगा? समजा ५०. वीज कुठली? घरगुती सिंगल फेज. उचलणार कोण? दोन माणसं, आणि मशीन घराच्या दारातून आत गेलं पाहिजे, म्हणजे रुंदी ७५० मिमीच्या आत. यशस्वी कधी म्हणायचं? १ किलो शेंगा टाकल्यावर अख्खे दाणे, फुटके दाणे आणि न फुटलेल्या शेंगा यांची वजनं किती आली, यावरून.

‘मल्टिपर्पज’, ‘स्मार्ट’, ‘लो कॉस्ट’ हे शब्द पानावर असतील तर खोडा. त्यांचं माप घेता येत नाही.

## टप्पा २: भार हाताने मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. ‘अर्धा एचपी पुरेल’ असं कुणीतरी म्हणतं आणि तोच आकडा रिपोर्टात जातो. खरं तर भार मोजायला फारसं काही लागत नाही. प्लायवूडच्या दोन बाजू, बाजारात मिळणारी जाळी, खऱ्या मापाचा पण हलका ड्रम आणि हाताने फिरवायचा दांडा. दांड्याची लांबी शाफ्टच्या केंद्रापासून बरोबर ३०० मिमी ठेवा. टोकाला प्रवासी बॅगा तोलायचा हुकवाला काटा अडकवा, शेंगा भरा आणि काट्याने ओढून ड्रम फिरवा.

काट्यावर साधारण ४ किलो दिसलं असं धरू. मग टॉर्क = ४ × ९.८१ × ०.३, म्हणजे सुमारे ११.८ न्यूटन-मीटर. शेंगा गच्च भरून ड्रम अडकवूनही बघा आणि तो आकडा वेगळा लिहा.

तपासा: काटा दांड्याला काटकोनात ओढला जातोय ना? तिरका ओढला तर आकडा उगाच फुगतो. एका वाचनावर विसंबू नका. सुक्या आणि किंचित दमट, दोन्ही शेंगांवर पाच-सहा वाचनं घ्या. मोटर सरासरीवर नाही, वरच्या वाचनावर ठरते.

याच लाकडी सांगाड्यावर आणखी एक माप फुकटात मिळतं: ड्रमची पट्टी आणि जाळी यांच्यातलं अंतर. पत्र्याचे तुकडे सरकवून अंतर कमी-जास्त करा आणि दाणे कुठे फुटायला लागतात ते बघा. प्रत्येक जातीच्या शेंगेला हे अंतर वेगळं लागतं, म्हणून खऱ्या मशीनमध्ये ते बदलता येण्याची सोय हवीच.

## टप्पा ३: मोटर आणि गतीची विभागणी

ड्रम २०० आरपीएमने फिरवायचा ठरलं. ताकद = २ × ३.१४ × २०० ÷ ६० × ११.८, म्हणजे सुमारे २४७ वॅट. पट्टा आणि चेन मिळून दहाएक टक्के खातील: २७५. हाताने हळू फिरवताना घेतलेलं माप आणि खरी धावती मशीन यात फरक पडतो, म्हणून वर साधारण ३० टक्के राखीव: ३५७ वॅट. ०.३७ किलोवॅटची, म्हणजे अर्ध्या एचपीची मोटर बसते. आकडा तोच आला, पण आता कुणी विचारलं तर उत्तर आहे.

चार पोलची मोटर भाराखाली १४४०च्या आसपास फिरते. १४४० भागिले २०० म्हणजे ७.२ पट गती कमी करायची. नेमकी इथे मुलं एकाच पट्ट्यावर सगळं उरकायला जातात. ‘ए’ सेक्शनच्या व्ही-बेल्टला छोटी पुली ७५ मिमीपेक्षा लहान घेऊ नये, पट्टा लवकर तडकतो. मग मोठी पुली येते ५४० मिमीची, म्हणजे मशीनपेक्षा पुली मोठी.

दोन टप्पे करा. मोटरकडून मधल्या शाफ्टला पट्टा: ७५ ते २२५ मिमी, ३ पट, म्हणजे ४८० आरपीएम. मधल्या शाफ्टकडून ड्रमला चेन: १५ दात ते ३६ दात, २.४ पट, म्हणजे २००. पट्टा जोरात फिरणाऱ्या बाजूला आणि चेन हळू बाजूला, हा क्रम मुद्दाम आहे. जास्त वेगात चेन आवाज करते आणि तेल उडवते. कमी वेगात टॉर्क वाढतो आणि पट्टा घसरतो. शिवाय ड्रम अडकला तर मोटरकडचा पट्टा घसरतो आणि बाकीचं वाचतं.

## टप्पा ४: बाजार, कॅडच्या आधी

सगळी गंमत या टप्प्यात आहे. जे विकत मिळतं ते आधी ठरवा, शक्य असेल तर हातात घ्या, आणि मगच त्याभोवती चित्र काढा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर, पुण्यात भोसरीच्या आसपासची दुकानं. तुमच्या गावात जे असेल ते. नुसता फोन करू नका, वर्निअर खिशात घालून जा.

या मशीनची खरेदीची यादी अशी: मोटर, ‘ए’ सेक्शनच्या ७५ आणि २२५ मिमीच्या पुल्या, पट्टा, अर्धा इंच पिचची (लागोपाठच्या दोन पिनांमधल्या अंतराची) चेन, १५ आणि ३६ दातांची स्प्रॉकेटं (चेनची दातेरी चाकं), पेडेस्टल बेअरिंग (पायासकट येणारं, बोल्टने बसणारं) यूसीपी २०४, चार नग, ईएन ८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) २० मिमी ब्राइट बार, ६ × ६ चावीची पट्टी (शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावीत म्हणून दोन्हींच्या खाचेत बसणारा तुकडा), जाळी, बोल्ट.

चारही बेअरिंगं एकाच मापाची घ्या, मधल्या शाफ्टला थोडं लहान चाललं असतं तरीही. एकच बार, एकच चावी, एकच सुटं बेअरिंग जवळ ठेवायचं. दोनशे ग्रॅम वजन वाचवायला दोन मापं करणारा गट मी दरवर्षी बघतो. वाचलेल्या वजनाबद्दल त्यांना कधीच कुणी विचारत नाही.

दुकानात ही मापं घ्या आणि वहीत लिहा:

मोटरच्या शाफ्टचा व्यास, चावीचं माप, पायांच्या भोकांमधली अंतरं, पायापासून शाफ्टच्या केंद्राची उंची. नावाच्या पट्टीचा फोटो, त्यावर आरपीएम आणि अँपिअर दिसले पाहिजेत.

यूसीपी २०४ची केंद्र-उंची ३३.३ मिमी आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर ९५ मिमी, हे कॅटलॉगात मिळतं. तरी वर्निअर लावून बघा, स्वस्त मालाच्या बीडात (कास्ट आयर्नमध्ये) थोडा फरक निघतो.

पुली आणि स्प्रॉकेट बहुतेकदा छोट्या भोकाची येतात. ती टर्नरकडून २०ला बोअर करून घ्यायची आणि मग स्लॉटिंग मशीनवर की-वे (चावीची खाच) काढायचा. म्हणून हबची जाडी मोजा: भोक २०चं केल्यावर आणि की-वे गेल्यावर हबला पुरेसं मांस उरतं का?

पट्ट्याचा नंबरही इथेच काढा. मोटर आणि मधल्या शाफ्टमध्ये ३०० मिमी धरले तर पट्ट्याची पिच-लांबी = २ × ३०० + १.५७ × (२२५ + ७५) + (२२५ − ७५)² ÷ (४ × ३००), म्हणजे साधारण १०९० मिमी. ‘ए’ पट्ट्यावर छापलेला नंबर आतल्या लांबीचा असतो, इंचात. त्यातून सुमारे ३५ मिमी वजा केले की १०५५, म्हणजे साडेएक्केचाळीस इंच. ए-४१ किंवा ए-४२, दुकानात जो असेल तो घ्या. बाकीचं काम मोटरखालच्या खाचा करतील.

चेनसाठी केंद्रांमधलं अंतर ४०० धरलं तर हिशेबाने ८८.८५ कड्या येतात. कड्या सम संख्येतच घ्या, नाहीतर एक तिरकी जोडकडी टाकावी लागते आणि चेन तिथेच तुटते. ९० कड्या घेऊन अंतर सात-साडेसात मिमीने वाढवा.

थांबा: यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे दुकान, भाव आणि ‘हातात आहे’ असा रकाना करा. मोटर, बेअरिंगं, पुल्या आणि स्प्रॉकेटं हातात आल्याशिवाय पाचव्या टप्प्याच्या पुढे जाऊ नका. लोखंड किलोवर मिळतं, तेव्हा गोल बारचं वजन तोंडपाठ असू द्या: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. २० मिमीचा बार मीटरला २.४७ किलो भरतो.

## टप्पा ५: शाफ्टचा हिशेब

शाफ्ट मोजलेल्या ११.८ वर डिझाइन करू नका. ड्रम अडकला की मोटर तिचा पूर्ण जोर लावते. म्हणून: टॉर्क = ९५५० × ०.३७ ÷ २००, म्हणजे १७.७ न्यूटन-मीटर.

३६ दातांच्या स्प्रॉकेटचा पिच-व्यास १४५.७ मिमी. चेनची ओढ = १७.७ ÷ ०.०७२८५, म्हणजे सुमारे २४३ न्यूटन. स्प्रॉकेट बेअरिंगच्या केंद्रापासून ६० मिमी बाहेर असेल तर वाकवणारा मोमेंट १४.६ न्यूटन-मीटर. हलक्या धक्क्यांसाठी वाकण्याला २ आणि पिळाला १.५ असे गुणक लावले तर एकत्रित टॉर्क सुमारे ३९.५ न्यूटन-मीटर येतो. नॉर्मलाइज्ड ईएन ८साठी, की-वेमुळे २५ टक्के कमी करून, परवानगीचा शिअर सुमारे ६३ मेगापास्कल धरा. व्यास निघतो १४.७ मिमी.

मग २० का घेतला? बेअरिंग २०चं सहज मिळतं. मोटर सुरू होताना आणि ड्रम अडकताना येणारा झटका नेहमीच्या टॉर्कच्या दुपटीपर्यंत जातो. आणि बारीक शाफ्ट तुटला नाही तरी लवतो, मग ड्रम-जाळीतलं अंतर फिरताना कमी-जास्त होतं. रिपोर्टात १४.७ लपवू नका. ‘हिशेब १४.७, निवड २०, कारणं ही’ असं स्वच्छ लिहा. व्हायवात परीक्षकाला हेच हवं असतं.

मधल्या शाफ्टचा हिशेब याच पद्धतीने करा. तिथला टॉर्क ७.३६ न्यूटन-मीटर, पण एका टोकाला पट्टा आणि दुसऱ्या टोकाला चेन ओढते. दोन्ही ओढी एकाच दिशेला नाहीत, हे विसरून सरळ बेरीज करणारे बरेच असतात. आडवी आणि उभी दिशा वेगळी काढून मग एकत्र करा.

## टप्पा ६: आता कॅड

पहिल्यांदा विकत आणलेल्या वस्तूंची मॉडेल्स बनवा, वर्निअरने घेतलेल्या मापांनी. इंटरनेटवरून उतरवलेलं मोटरचं मॉडेल तुमच्या मोटरचं नसतं. त्या वस्तू त्यांच्या जागी ठेवा आणि चौकट सगळ्यात शेवटी काढा.

कॅडमध्ये एका भागातून दुसरा भाग आरपार जातो आणि सॉफ्टवेअर स्वतःहून तक्रार करत नाही. म्हणून इंटरफेरन्स तपासा. त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारा. हा भाग आत जाणार कसा? आणि मशीन उभं झाल्यावर बाहेर येणार कसा? ड्रम दोन्ही बाजूंच्या बंद पत्र्यांमध्ये अडकला आणि शाफ्ट बाहेर काढायला बाजूचा पत्रा गॅस-कटरने कापावा लागला, असं व्हायला नको. बाजूच्या पत्र्याला शाफ्टच्या जागी वरपर्यंत उघडी खाच ठेवा आणि वरून बोल्टचं झाकण द्या. ड्रम वरून सरळ उचलता येतो.

एम १०च्या बोल्टला १७ नंबरचा पाना लागतो. त्या पान्याला फिरायला जागा आहे का? बेअरिंगच्या ग्रब स्क्रूला (शाफ्टवर आवळायचा, डोकं नसलेला छोटा स्क्रू) ॲलन की घालायला हात जातो का? पुठ्ठ्याचा पाना कापून खऱ्या मापात धरून बघा, हसू नका.

ताण द्यायची सोय आताच काढा. ड्रमची जागा पक्की. मधला शाफ्ट खाचांमध्ये सरकतो, चेन ताणायला. २० मिमीची खाच पुरते. मोटर तिच्या खाचांमध्ये सरकते, पट्टा ताणायला. मधला शाफ्ट हलवला की पट्ट्याचंही अंतर बदलतं, म्हणून मोटरच्या खाचा जास्त लांब हव्यात, ४० मिमी तरी. दोन्ही खाचा सारख्याच ठेवलेल्या मशीनवर चेन नीट ताणली की पट्टा सैल पडतो आणि मोटर सरकायला जागाच उरत नाही.

ड्रमच्या तबकड्या शाफ्टला वेल्ड करू नका. ईएन ८मध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो. नुसतं वेल्डिंग मारलं तर शेजारची जागा कडक होऊन तडकते, वर शाफ्ट खेचला जातो तो वेगळाच. तबकडीला साध्या पोलादाचा (एमएस) बॉस, म्हणजे शाफ्टवर चढणारी जाड नळी, वेल्ड करा, त्यात चावी आणि ग्रब स्क्रू द्या.

## टप्पा ७: ड्रॉइंग आणि वर्कशॉप

टर्नरच्या हातात थ्रीडी चित्र देऊन उपयोग नसतो. त्याला प्रत्येक भागाचं वेगळं ड्रॉइंग हवं, कागदावर, फर्स्ट अँगलमध्ये, आणि खाली माल, नग आणि स्पष्ट मापं.

टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तरी चालेल ती मर्यादा, सगळीकडे घट्ट देऊ नका. साधी मापं ±०.३ ते ±०.५ वर सोडा. घट्ट मापं फक्त जिथे काहीतरी बसतं तिथे: पुली आणि स्प्रॉकेटचं भोक २० एच ७ (एच ७ हा भोकाच्या घट्ट टॉलरन्सचा वर्ग), शाफ्टमधला की-वे ६ रुंद आणि ३.५ खोल, हबमध्ये २.८ खोल. सगळ्या भोकांना एच ७ लिहिलं की टर्नर भाव दुप्पट सांगतो, किंवा सगळंच दुर्लक्षित करतो. दुसरी शक्यता जास्त.

ज्यांच्या मशीनमध्ये पेडेस्टल नसून मशीन केलेल्या घरात ६२०४ नंबरचं बेअरिंग बसवायचं आहे, त्यांनी शाफ्ट २० के ६, म्हणजे २०.००२ ते २०.०१५, आणि घराचं भोक ४७ एच ७ द्यावं. बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगवर, घरात बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलं तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

लेझर कटिंगला फाइल देताना: डीएक्सएफ १:१ मध्ये, मिमीमध्ये, फक्त कापायच्या रेषा. चौकट, टायटल ब्लॉक, मापांचे बाण ठेवलेत तर मशीन तेही कापेल. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझरवर मागू नका, सेंटर-पंचाची खूण मागा आणि ड्रिल करा. आटे पाडायच्या भोकांसाठी एम ६ला ५.०, एम ८ला ६.८, एम १०ला ८.५चा ड्रिल.

तपासा: ब्राइट बार विकत घेताना मायक्रोमीटर लावा. तो नेहमी २०च्या किंचित खाली असतो, १९.९५च्याही खाली असेल तर दुसरा मागा, नाहीतर ग्रब स्क्रू आवळला की बेअरिंग एका बाजूला बसतं. ब्राइट बार थंड ओढून केलेला असतो, त्यामुळे एका बाजूने लांब की-वे कापला की तो थोडा वाकतो. मिलिंगनंतर व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेज लावा. काटा ०.१ मिमीपेक्षा जास्त हलला तर प्रेसवर सरळ करून घ्या, मगच पुढे.

वर्कशॉपवाल्याकडे सकाळी जा, ड्रॉइंग त्याच्यासमोर वाचा, आणि तो ‘हे असं नको, असं करू’ म्हणाला तर ऐका. बदल मान्य असेल तर तिथेच ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहा आणि दोघांकडे तोच कागद ठेवा. काम अडतं ते बहुतेक जुन्या कागदावरून केलेल्या भागावर.

## टप्पा ८: चौकट

४० × ४० × ५चा अँगल पुरतो. वेल्डिंग गार होताना खेचतं, हे गृहीत धरूनच काम करा. आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, मग कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून सरळ करा. पूर्ण वेल्डिंग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने करा, एका बाजूने सलग नको.

बेअरिंगखाली १० मिमी जाड पट्ट्या वेल्ड करा, पण त्यांत भोकं पाडू नका. चौकट गार झाल्यावर बेअरिंगं शाफ्टवर चढवा, तो जोड पट्ट्यांवर ठेवा, हाताने फिरवून सैल चालतोय बघा, मग भोकांच्या खुणा करा. भोकं आधी पाडून नंतर वेल्डिंग केलं की ती कुठे गेली ते शोधत बसावं लागतं.

थांबा: बेअरिंगं बसवल्यानंतर चौकटीला वेल्डिंग मारायचंच असेल तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. चिमटा दुसऱ्या टोकाला असेल तर करंट बेअरिंगमधून जातो आणि आतल्या गोळ्यांवर ठिपके पडतात. बाहेरून काही दिसत नाही, बेअरिंग महिनाभरात आवाज करायला लागतं. सगळ्यात बरं म्हणजे बेअरिंगं उतरवूनच वेल्ड करा.

## टप्पा ९: जुळणी

क्रम असा. पेडेस्टलचे बोल्ट हलके लावा. शाफ्ट घाला. हाताने फिरवा. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा आणि प्रत्येक वेळी पुन्हा फिरवा. जिथे जड झालं तिथे खाली पातळ पत्र्याचा तुकडा घाला. शाफ्ट मागेपुढे जागेवर आला की मगच बेअरिंगचे ग्रब स्क्रू. ग्रब स्क्रूच्या जागी शाफ्टवर ड्रिलने हलका खळगा करा, नाहीतर शाफ्ट हळूहळू बाजूला सरकतो.

मग स्प्रॉकेटं. दोन्ही एका रेषेत आहेत का, हे डोळ्याने नाही, सरळ पट्टी किंवा ताणलेल्या दोरीने बघा. यूसीपीच्या बेअरिंगची बाहेरची रिंग गोलाकार असल्याने ते शाफ्टचा थोडा तिरकसपणा सांभाळून घेतं. चेन मात्र काही सांभाळत नाही. चेनच्या सैल बाजूला मधोमध अंतराच्या २ ते ४ टक्के झोल हवा, आपल्याकडे १० ते १५ मिमी. जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक फिरण्याच्या दिशेला.

पट्टा घालायच्या आधी मोटर क्षणभर सुरू करून दिशा बघा. उलटी असेल तर आताच वायर बदला. पट्टा पुलीच्या कडेवरून स्क्रू-ड्रायव्हरने ओढून चढवू नका. मोटर पुढे सरकवा, पट्टा घाला, मोटर मागे घ्या. ताणाचा अंदाज: मोकळ्या लांबीच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर दर १०० मिमीला दीड मिमीच्या आसपास दबला पाहिजे. गिटारसारखा वाजत असेल तर बेअरिंग मरेल.

पट्टा आणि चेनवर जाळीचं झाकण, मोटरला अर्थिंग, ओव्हरलोड असलेला स्टार्टर आणि हाताजवळ लाल बंद-बटण. झाकणाशिवाय पहिला ट्रायल घेण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. जॅकेटची नाडी, ओढणी, मोकळे केस चेनमध्ये जायला अर्धा सेकंद लागतो. ड्रिल आणि लेथवर हातमोजे घालू नका, तेही याच कारणाने.

## टप्पा १०: चाचणी

पहिला अर्धा तास रिकामं चालवा. बंद करून बेअरिंगच्या घरांना हात लावा. कोमट चालतं, हात ठेववत नसेल तर ताण जास्त आहे किंवा रेषा चुकली आहे. सगळे ग्रब स्क्रू आणि बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या अर्ध्या तासात हमखास सैल होतात.

मग १ किलो शेंगा मोजून टाका. अख्खे दाणे, फुटके दाणे, न फुटलेल्या शेंगा, तिन्ही वेगळं तोला. क्लॅम्प मीटरने मोटरचा करंट बघा आणि नावाच्या पट्टीवरच्या अँपिअरशी ताडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ड्रम-जाळीतलं अंतर, मग जाळी, वेग सगळ्यात शेवटी. वेग बदलायला स्प्रॉकेट बदलावं लागेल आणि चेनही. दाणे खूप फुटत असतील तर मशीनला दोष देण्याआधी शेंगा किती वाळलेल्या आहेत ते बघा. कडकडीत वाळलेला दाणा जरा दाबला तरी दुभंगतो.

काट्याने मोजलेला ११.८ आणि करंटवरून काढलेला धावता भार, दोन्ही एका तक्त्यात ठेवा. दोन आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर रिपोर्टात एक पान लिहा; व्हायवातले निम्मे प्रश्न तिथूनच येतात. रिपोर्टात विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल जोडा, आणि कॉलेजला मशीन टेम्पोत नेताना पट्टा उतरवून ड्रम दोरीने बांधा. मधला शाफ्ट खाचांमध्ये असल्यामुळे रस्त्याच्या खड्ड्यांनी तो सरकतो. पोचल्यावर चेनचा झोल पुन्हा बघून मगच बटण दाबा.